नदी ओलांडताना मारायची हाक

कोन तुम, बुधवार, २७ मार्च १९९६

मियेन,

तू आणि ज्यांग दोघी बऱ्या असाल असं धरून लिहितो. इथे डोंगरात सकाळी गारठा असतो आणि दुपारी ऊन भाजून काढतं. माझा खोकला आहे तसाच आहे, पण चालतो-फिरतो. तिकडे विन्हला भुरभुर चालू असेल, स्टेशनाबाहेर तुझ्या चुलीचा धूर वर चढत नसेल आणि डोळे चोळत तू लोकांना वामाशांची पेज वाढत असशील.

वीस वर्षांत मी तुला चार ओळी लिहिल्या नाहीत, तूही नाहीस. खांग लढाईत पडल्याचा कागद आला, गावानं सभा भरवली, आणि मी त्या सभेत तासभर बोललो. मधेच तू उठलीस, चार वर्षांच्या ज्यांगला कडेवर घेतलंस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "दादा, तुमचं बोलणं संपलं की निरोप पाठवा. मग मी परत येईन." लोक खाली बघायला लागले. मी तरीही बोलत राहिलो. निरोप काही मी पाठवला नाही.

आता पाठवतो. खांग सापडला.

लुक म्हणून त्याच्या तुकडीतला एक सोबती इथे कोन तुमला सायकली दुरुस्त करतो. त्यानंच नकाशा काढून मला पत्र पाठवलं होतं. एक ओढा, ओढ्यापलीकडे बसलेल्या म्हशीसारखा दगड, दगडापासून अकरा पावलं. जंगल होतं तिथे आता कॉफीचा मळा आहे. मळ्याचा मालक भला माणूस निघाला. जमीन फोडताना त्याला सैनिकांच्या टायरच्या चपलेचा तळ सापडला होता. तेवढी जागा सोडून त्यानं रोपं लावली आणि दर पौर्णिमेला उदबत्ती लावत आला. "नाव माहीत नव्हतं," तो मला म्हणाला, "म्हणून नुसतं 'बाबा रे' म्हणायचो."

नाव बाटलीत होतं. पुरताना सोबत ठेवलेली पेनिसिलिनची इवलीशी बाटली, रबरी बूच, आत गुंडाळलेला कागद. शाई फिकी झाली आहे, पण 'दांग खांग' वाचता येतं, गावाचं नावही येतं. मला तर बाटलीचीही गरज नव्हती. डाव्या हाताचं हाड मनगटाच्या वर वाकडं जुळलेलं होतं. दहा वर्षांचा असताना सुपारीच्या झाडावरून पडला होता. त्याला पाठीवर घेऊन मीच हाडवैद्याकडे पळत गेलो होतो. हाड वाकडं बसलं तेव्हा आई मला म्हणाली होती, "तू धरलं नाहीस नीट."

तांदळाच्या दारूनं आणि मसाल्याच्या पाण्यानं मी त्याला स्वतः धुतलं. लुक हात लावू बघत होता, मी लावू दिला नाही. लाल कापडात बांधून पाठीवरच्या पिशवीत ठेवलाय. फार हलका आहे.

लुककडून तारीखही कळली. चौथ्या चांद्रमासाची दुसरी तिथी. तू इतकी वर्षं त्याचं श्राद्ध तो घर सोडून गेला त्या दिवशी घालतेस, कारण दुसरा दिवस कुणी सांगितला नव्हता. आता खरा दिवस हाती आला आहे.

लुक फार बोलका आहे. खांगबद्दल त्यानं पुष्कळ सांगितलं. काही गोष्टी भेटल्यावर.

शनिवारी सकाळी दक्षिणेकडून येणाऱ्या गाडीनं आम्ही विन्हला उतरू. तू तिथेच असतेस. कबरी झाडायचा सण गुरुवारी आहे, त्याच्या आत तो आईच्या शेजारी विसावावा, एवढं मनात आहे. तुझं मन काय म्हणतं ते मला माहीत नाही.

दिएन


दिएउ त्री स्टेशन, शुक्रवार, २९ मार्च, सकाळ

मियेन,

परवाचं पत्र अजून माझ्या खिशात आहे. पोस्टाच्या पेटीसमोर उभा राहिलो, मग बस सुटेल म्हणून निघालो. बस सुटायला त्यानंतर तासभर होता.

काल डोंगरातून खाली आलो. बसमध्ये कोबीची पोती, चार कोंबड्या, एक शिलाई मशीन आणि माणसं. कंडक्टर गुटगुटीत आणि तोंडाळ. त्यानं माझ्या पिशवीवर बोट ठेवलं.

"आजोबा, ती छपरावर टाका."

"मांडीवर राहील."

"मांडीवर? सासऱ्यानं दिलेलं सोनं आहे काय तिच्यात?"

सगळे हसले. मीही हसलो असतो. लुकनं दहादा बजावलं होतं की कुणाला सांगू नका, गाडीवाल्यांना हाडं म्हणजे अपशकुन वाटतो, अर्ध्या वाटेत उतरवतात. पण त्यानं पिशवीचा पट्टा धरून ओढला, आणि मला काय झालं कळलं नाही. मी उभा राहिलो. मियेन, तुला माझा तो आवाज माहीत आहे. मळणीच्या खळ्यावर तीनशे माणसांना कर्ण्याशिवाय ऐकू जायचा, तो आवाज.

म्हटलं, "यात माझा भाऊ आहे. चोवीस वर्षांपूर्वी याच डोंगरात मेला. ज्या रस्त्यावरून तुझी बस जाते त्या रस्त्यासाठी मेला. तेव्हा त्याच्या डोक्यावर छप्पर नव्हतं. आज तू त्याला छपरावर टाकणार?"

बस चिडीचूप झाली. कोंबड्यासुद्धा. ड्रायव्हर वळला, माझ्याकडे बघितलं आणि कंडक्टरला म्हणाला, "अरे गाढवा, कोबी हलव. दोन जागा कर पुढं." मग त्यानं समोरच्या काचेपाशी उदबत्ती लावली. शिलाई मशीनवाल्या बाईनं पिशवीला हात जोडले. कंडक्टर दिवसभर माझ्याशी "मोठे काका, पाणी देऊ का, मोठे काका, वारा लागतो का" करत राहिला.

मला बरं वाटलं. ते लपवत नाही. वाटलं, अजून जमतं.

मग घाटाआधीची मोठी नदी आली. तुला रीत माहीत आहे. हाडं घेऊन जाताना प्रत्येक पुलावर त्याला नावानं हाक मारून सांगायचं, की बाबा रे, पाणी आलं, आपण ओलांडतोय, मागे राहू नकोस. चिमूटभर तांदूळ-मीठ पाण्यात टाकायचं. नाही सांगितलं तर जीव तीरावर थांबतो आणि नुसती हाडं पुढे जातात. माझ्या उमेदीत मी अशा समजुतींविरुद्ध गावोगाव बोललो आहे. पुस्तकं वाचून बोललो, आणि लोकांच्या चुली-देव्हाऱ्यांपर्यंत जाऊन बोललो. पण ज्या क्षणी ती नदी दिसली त्या क्षणी मी खिशातली तांदळाची पुडी घट्ट धरली होती.

पूल आला. नुकताच ज्यानं सगळी बस गप्प केली होती त्या माणसाच्या तोंडून दोन अक्षरं निघाली नाहीत. ओठ हलले. पूल संपला. तांदूळ मुठीतच राहिले.

भाषण मला करता येतं, मियेन. हाक मारता येत नाही. हे मला एकसष्टाव्या वर्षी एका पुलावर कळलं.

लुकचं सांगायचं राहिलं. निघताना त्यानं माझे दोन्ही हात धरले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाला, "मोठे दादा, तुमच्यासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं. खांग शेवटपर्यंत तुमचं नाव काढायचा." तो तसं का म्हणाला ते तुला लिहायचंच असं ठरवून या बाकावर बसलो, आणि आता गाडीची घोषणा झाली आहे. डबा शोधायला हवा.

दिएन


लाम नदीच्या दक्षिण तीरावर, शनिवार, ३० मार्च, सकाळ

मियेन,

नदीच्या अलीकडच्या लहान स्टेशनावर बसून लिहितो आहे. तुझी मावशी या बाजूला राहायची तेव्हा तू इथेच उतरायचीस. समोरून एक गाडी यायची आहे, तिच्यासाठी आमची गाडी बाजूला काढून ठेवली आहे. स्टेशनमास्तर म्हणतो तास-दीड तास लागेल. विन्ह इथून अर्ध्या तासावर आहे. मी पिशवी घेऊन गाडीतून उतरलो आहे आणि पुन्हा चढणार नाही.

हे पत्र तुला थुआन आजी देईल. तीच खिडकीतून माझ्याकडे बघत सुपारी चघळतेय. काल दुपारपासून ती माझ्या समोरच्या बाकावर होती. जेवणाच्या वेळी मी भाताचे दोन वाडगे मांडले, एक माझा आणि एक पिशवीसमोर. तिनं ते बघितलं आणि सरळच विचारलं.

"बरोबर कोण आहे?"

"धाकटा भाऊ."

"लग्न झालेलं?"

"बायको आहे. मुलगी आहे, चोवीस वर्षांची."

"मग तुम्ही कसे आणताय? बायकोला काय झालं?"

"ती माझ्याशी बोलत नाही."

"बरं करते," आजी म्हणाली. "जास्त बोलणारे पुरुष मलाही झेपत नाहीत." मग तिनं आपल्या वाडग्यातला माशाचा तुकडा उचलून खांगच्या वाडग्यात ठेवला. "मी गेल्या साली माझ्या पोराला आणलं. बिस्किटाच्या खोक्यातून. तिकीट तपासनीस म्हणाला, आजी, बिस्किटं कुठली? मी म्हटलं, घरचीच."

पुढे पूल आला तेव्हा तिनं मला कोपरानं ढोसलं. "मारा की हाक."

मी खिशातली तांदळाची पुडी नुसती चाचपत राहिलो.

"लाजता कुणाला? मेलेल्याला की जिवंताला?" आणि ती स्वतःच पिशवीकडे वाकून म्हणाली, "ए खांग, पूल आला रे पोरा. ऊठ. भावाचा सदरा धर, सोडू नको." इतक्या साधेपणानं म्हणाली की जणू तो खरंच बाकावर पेंगत होता. पुढच्या नदीपासून मी म्हणू लागलो. आधी तिच्या मागून, मग एकटा. घाटाआधीची नदी राहिली, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला मागून बोलवा. उशिरा ऐकतात, पण ऐकतात." मी बोलावलं. ह्युएची नदी ओलांडली. रात्र झाली. मध्यरात्री बेन हायची नदी आली, जिनं आपल्या देशाचे वीस वर्षं दोन तुकडे करून ठेवले होते. तिच्यावरही मी त्याला सांगितलं, बघ, आता इथे कुणी अडवत नाही.

हे शब्द तोंडातून गेले आणि मी पिशवीवरचा हात काढून घेतला.

आज उजाडल्यावर आजी म्हणाली, "आता शेवटची नदी. आता मोठ्यानं मारा. गावाला ऐकू गेलं पाहिजे." गाडी इथे थांबली. मी उठलो, पिशवी छातीशी घेतली आणि उतरलो.

आता लिहितो.

एकाहत्तर संपून बाहत्तर साल लागलं होतं. वर्षाखेरच्या चांद्रमहिन्याची एकोणीस तारीख. तेत, आपला नव्या वर्षाचा सण, बारा दिवसांवर आला होता. ज्यांग पन्नास दिवसांची होती. दक्षिणेकडे जाणाऱ्या तुकड्या दोन दिवस आपल्या नावघाटावरून नदी उतरत होत्या, आणि या तीरावर, म्हणजे दक्षिण तीरावर, माणसं मोजायला आणि नावा लावायला कर्णा घेऊन मी उभा होतो. हे तुला माहीत आहे. संध्याकाळी माझा घसा बसला होता, तूच मला आल्याचं पाणी करून दिलंस.

दुपारी बांबूच्या बेटामागून खांग आला.

त्याची तुकडी आदल्या रात्री अंधारात नदी उतरून गेली होती. तीन कोस पुढे तिचा तळ होता. तिथून तो पळत परत आला होता. पळून नव्हे. मियेन, हे नीट वाच. तो पळून आला नव्हता. त्याच्याकडे चिठ्ठी होती. तुकडीच्या नायकानं सही करून त्याला संध्याकाळी पाचपर्यंत सोडलं होतं, कारण त्याला मुलगी झाल्याचं वाटेत कळलं होतं. चिठ्ठी मी हातात घेऊन वाचली. एक वाजला होता. नावेनं पलीकडे जायला पाव तास, घाट चढून घरी जायला पाच मिनिटं. तासभर तुमच्याजवळ बसून तो वेळेत परतला असता.

मी त्याला जाऊ दिलं नाही.

कारण लिहितो. चांगलं कारण नाही, पण तेच होतं. त्या आठवड्यात मी गावात सतरा घरी जाऊन बोललो होतो. सतरा मुलगे दिले होते लोकांनी. माझ्या मनात आलं, की घाटावरच्या बायका बघतील. म्हणतील, दिएनचा भाऊ बघा, आमची पोरं गेली आणि हा बायकोजवळ येऊन बसलाय. चिठ्ठी कोण वाचणार होतं? मी कुणाकुणाला दाखवत फिरणार होतो? माझा शब्द गावात हलका पडेल, एवढंच मला दिसलं.

तो म्हणाला, "दादा, फक्त तोंड बघतो आणि येतो."

मी भाषण केलं. माझ्या सख्ख्या भावासमोर, बांबूच्या बेटामागे, एका श्रोत्यासाठी. देश म्हणालो, नदी म्हणालो, उद्याची मुलं म्हणालो. चांगलं झालं भाषण. तो शेवटपर्यंत मान खाली घालून उभा होता. लहानपणीही मी रागावलो की असाच उभा राहायचा.

मग त्यानं विचारलं, "नाव काय ठेवलं?"

मी सांगितलं, ज्यांग. मियेननं नदीवरून ठेवलं.

तो हसला. पाण्याच्या कडेपर्यंत गेला. पलीकडे घाटावर बायका कपडे धूत होत्या. तू त्यांत होतीस की नाही हे मला माहीत नाही. इतक्या वर्षांत मला तुला ते विचारताही आलं नाही. त्यानं दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरली आणि हाक मारली. "ज्यांग!" तीनदा मारली. वारा उत्तरेचा होता. आवाज त्याच्याच तोंडावर परत येत होता. पाणी ओलांडून काही गेलं नाही.

माझ्या हातात कर्णा होता.

त्यानं एकदा वळून कर्ण्याकडे बघितलं. मागितला नाही. मी दिला नाही. नुसता हात पुढे करायचा होता, मियेन. घाटावर कुणीही मान वर केली असती. तुम्हाला ऐकू गेलं असतं.

मग त्यानं झोळीतून घट्ट दुधाचे दोन डबे काढले आणि म्हणाला, "तिला दे. कुणी दिले विचारलं तर सांग, बाबानं." आणि गेला. एकदाही वळला नाही.

ते डबे मी तुला दिले. गावच्या समितीनं पाठवले म्हणून दिले. तू म्हणालीस, "समितीला माझे आभार सांगा." मी सांगतो म्हणालो.

त्यानंतर साडेतीन महिने तो जगला.

आता लुक काय म्हणाला ते ऐक. खांगनं तुकडीत सगळ्यांना सांगितलं होतं, की मी घरी जाऊन आलो. मोठ्या दादानं स्वतःच्या नावेतून मला पलीकडे नेलं. पोरीला मांडीवर घेतलं. डोक्यावर केस नाहीत, हसली की डाव्या गालावर खळी पडते, माझं बोट धरून झोपली. रोज सांगायचा. लुकला ती खळी पाठ झाली आहे. त्यानं मला विचारलं, "ज्यांगच्या गालावर अजून पडते का हो ती खळी?" मी म्हणालो, पडते. ज्यांगच्या गालावर खळी नाही, तुला माहीत आहे. कधीच नव्हती. त्यानं ती कुठून आणली कुणास ठाऊक. बहुधा आपल्या आईची.

मला वाचवण्यासाठी त्यानं तसं सांगितलं असेल का? की रिकाम्या हातानं परत आलो हे सांगायची त्याला लाज वाटली? चार दिवस मी हेच उलटंपालटं करतो आहे. लुकनं माझे आभार मानले आणि मी ते घेतले. जसे तू समितीला पाठवलेले घेतले होते तसेच.

एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर तू म्हणशील म्हातारा भिऊन बदलला. मी बदललो नाही. ते युद्ध आपल्या दारात दुसऱ्यांनी आणून टाकलं होतं आणि ते लढायलाच हवं होतं. खळ्यावर मी जे बोललो ते आजही उभा राहून बोलेन, शब्द न बदलता. ज्यांनी पोरांची नावं दगडावर कोरून घेतली आणि आता त्याच दगडाला टेकून पत्ते खेळतात, त्यांच्या तोंडावर बोलेन. पण देशानं माझ्याकडे तो एक तास मागितला नव्हता. देशाच्या माणसानंच चिठ्ठीवर सही केली होती. तो तास मी घेतला. स्वतःसाठी घेतला, आणि देशाचं नाव सांगितलं. वीस वर्षांपूर्वी त्या सभेत तू उठलीस तेव्हा तुला यातलं काहीही माहीत नव्हतं, तरी तुला खोटं ऐकू आलं. मी मात्र बोलत राहिलो.

मी विन्हला कधी गाडीनं आलो नाही हे तुझ्या लक्षात आलं असेल. नेहमी बसनं येतो, बाजाराकडून. कारण मला कळलं होतं, की दक्षिणेची गाडी आली की तू पळी भांड्यात तशीच ठेवून उतरणाऱ्यांची तोंडं बघतेस. गिऱ्हाइकं ओरडतात तरी बघतेस. त्या गाडीतून उतरणारा माणूस मी असावा, हे मला सोसलं नसतं. आज तो पिशवीत असतानाही सोसत नाही.

म्हणून इथे उतरलो. या नदीवर मी त्याला हाक मारली तर तो येणार नाही. का येईल? याच तीरावर मी त्याला सांगितलं होतं, जाऊ नकोस. तो माझं ऐकणारा होता. अजूनही ऐकेल आणि इथेच उभा राहील, आणि आपण आईच्या शेजारी नुसती हाडं पुरू.

तू ये. ज्यांगला घेऊन ये. नावघाट अजून चालू आहे, मी चौकशी केली. नाव चालवणारी बाई पलीकडचीच आहे. गाडीनं नको, नावेनं न्या त्याला. मी पिशवी स्टेशनमास्तरच्या खोलीत, त्याच्या देव्हाऱ्याखाली ठेवली आहे. तो उदबत्ती विझू देणार नाही म्हणालाय. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नका. मी बांबूच्या बेटामागे असेन. ते अजून आहे, दाट झालं आहे. तुम्ही नावेत बसल्या की मला कळेल. मी पलीकडे येणार नाही. तू बोलावशील तेव्हा येईन. नाही बोलावलंस तर या तीराला माझ्यापुरती जागा आहे.

समोरची गाडी आली. आमच्या गाडीची शिट्टी झाली. आजी हात बाहेर काढून ओरडतेय, "अहो वक्ते, आटपा!" तिन्ही पत्रं एकत्र तिच्याकडे देतो. निळ्या भांड्यातली वामाशांची पेज म्हटलं की ती तुला शोधून काढेल. तिला एक वाडगा वाढ. तिनं आपल्या खांगला माशाचा तुकडा दिला आहे.

एवढंच अजून. नाव मध्यावर आली की ज्यांगला हाक मारू दे. वारा कुठलाही असो, ती अगदी त्याच्याजवळ असेल. 'खांग' म्हणून नको. 'बाबा' म्हणून. ती हाक त्यानं अजून एकदाही ऐकलेली नाही.

मी बोलायचा थांबलो आहे. हा तो निरोप.

ज्याच्या हातात कर्णा होता तो तुझा दीर,
दिएन